बाळंतिणीच्या मरणाचा जाब कोण विचारणार?

शिकलो, नोकरीला लागलो, चार पैसे गाठीला आले की भेदभाव आपोआप मागे पडतो, असे आपल्यातील अनेकांना मनापासून वाटते. विद्यार्थिदशेत आम्हालाही तसेच वाटत असे. हा समज किती भाबडा आहे हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील शॅलन आयर्व्हिंग या कृष्णवर्णीय स्त्रीची हकीकत समजून घ्यावी.

शॅलन आयर्व्हिंग पीएच.डी. झालेल्या. अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीमध्ये, साथरोगतज्ज्ञ होत्या. सामाजिक विषमतेमुळे माणसाचे आरोग्य कसे ढासळते, हाच त्यांच्या कामाचा विषय होता. हाताशी चांगला पगार होता, आरोग्य विमा होता, सुशिक्षित मित्रमंडळी होती. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्यानंतर रक्तदाब वाढत गेला, अंगावर सूज आली. त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि पुन्हा पुन्हा त्यांना घरी पाठवण्यात आले. बाळंतपणाला तीन आठवडे होत असताना त्या कोसळल्या आणि मरण पावल्या. वय अवघे ३६! जी बाई विषमतेने माणसे कशी मरतात हे शोधत होती, तिलाच त्या विषमतेने गाठले.

ही एकट्या शॅलन यांची गोष्ट नाही. सीडीसीचेच आकडे पाहा. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, तर कृष्णवर्णीय माता दगावल्या ५०.३. म्हणजे जवळजवळ साडेतीन पट! आदल्या वर्षी गोऱ्या मातांचा आकडा १९ होता. तो खाली आला, पण कृष्णवर्णीयांचा ४९.५ होता तो जागचा हलला नाही. बालमृत्यूंचेही तेच. २०२२ मध्ये हजार जन्मांमागे गोऱ्यांची साडेचार बाळे वर्षाच्या आत दगावली, कृष्णवर्णीयांची जवळपास अकरा. आणि ज्यांना हे सारे गरिबीचे दुखणे वाटते त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, सीडीसीच्या २०१९ मधील अहवालात पदवीधर कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर पदवीधर गोऱ्या मातांच्या पाचपट निघाला. शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या मातांपेक्षाही तो जास्त होता!

मग दोष कशात आहे? रक्तात? मुळीच नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टरांची पाहणी झाली. काळ्या माणसाची कातडी जाड असते, यासारखी खोटी विधाने त्यांच्यापुढे ठेवली गेली. निम्म्या गोऱ्या विद्यार्थी-डॉक्टरांना त्यांतले एखादे तरी विधान खरे वाटले. ज्यांना ती खरी वाटली, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदनाही कमी धरली. टेनिसची सम्राज्ञी सेरेना विल्यम्स हिला सप्टेंबर २०१७ मध्ये मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास तिला पूर्वीपासून होता. तिने स्वतः परिचारिकेला सांगितले की तपासणी करा, रक्त पातळ करण्याचे औषध द्या. परिचारिकेला वाटले, वेदनाशामक औषधाने बाई गोंधळली असावी. सेरेनाने हट्ट सोडला नाही म्हणून तपासणी झाली, आणि गुठळ्या सापडल्या. जगज्जेत्या खेळाडूलाही आपले दुखणे खरे आहे हे पटवून द्यावे लागते, तिथे कापड गिरणीत झाडू मारणाऱ्या बाईचे कोण ऐकणार?

या न ऐकण्याला फार जुना इतिहास आहे. ज्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटले गेले, त्या मॅरियन सिम्स याने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. भूल न देता! त्यांतल्या अनार्का नावाच्या मुलीवर त्याने सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया केली. न्यूयॉर्कमधील त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडावे लागले.

गोऱ्यांच्या रुग्णालयांची दारे बंद होती तेव्हा दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची बाळंतपणे त्यांच्याच सुईणींनी केली. अलाबामातील ग्रीन काउंटीच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांहून अधिक बाळे या जगात आणली. पण या सुईणी अडाणी आहेत, अस्वच्छ आहेत, असा प्रचार झाला. परवाने आले, तपासण्या आल्या, आणि १९७६ मध्ये अलाबामाने कायदा करून त्यांचे काम थांबवले. आम्ही वकिली करतो. कायद्याने माणसे वाचतात तशी कायद्यानेच एखाद्या समाजाच्या हातचे ज्ञान काढून घेता येते, हे आम्हाला नव्याने शिकावे लागत नाही. सुईणीला हटवले, पण तिच्या जागी प्रत्येक खेड्यात डॉक्टर कुठे पोचला?

तरीही हा समाज रडत बसला नाही, आणि हीच गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. मिसिसिपी राज्यात कापसाच्या पट्ट्यात माउंड बायू नावाचे गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ मध्ये ते वसवले. तिथे १९४२ साली 'नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर' या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने स्वतःचे रुग्णालय उभारले. अर्धेलीने कापूस पिकवणाऱ्या कुळांनी वर्षाची लहानशी वर्गणी भरायची आणि आजारपणात, बाळंतपणात तिथे उपचार घ्यायचे. डॉक्टर काळे, परिचारिका काळ्या. इतर ठिकाणी मागच्या दाराने तळघरातल्या खाटांकडे जाणारे लोक इथे पुढच्या दाराने आत जात. पुढच्या दाराचे मोल काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच गावात १९६७ मध्ये डेल्टा हेल्थ सेंटर सुरू झाले. जॅक गायगर हे गोरे डॉक्टर आणि जॉन हॅच हे कृष्णवर्णीय संघटक, ही जोडी त्यामागे होती. पैसा सरकारच्या दारिद्र्य निर्मूलन योजनेतून आला. हॅच यांनी आधी गावोगाव सभा घेतल्या, लोकांची आरोग्य मंडळे बांधली आणि तुम्हाला काय हवे ते विचारले. लोकांनी गोळ्या-इंजेक्शने मागण्याआधी अन्न मागितले, पाणी मागितले. यंत्रे आल्यावर मळ्यांतले काम गेले होते, चुली थंड होत्या, बाळे उपासमारीने खंगत होती. तेव्हा या केंद्राच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून द्यायला सुरुवात केली! गावातल्या कृष्णवर्णीय दुकानदाराने ते सामान द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषधखात्याला लावायचे. वरचे अधिकारी खवळले. औषधाचा पैसा अन्नावर का खर्च करता, असे विचारू लागले. गायगर यांनी उत्तर दिले की, कुपोषणावर पाठ्यपुस्तकात सांगितलेले औषध अन्न हेच आहे. पुढे लोकांनी शेकडो एकरांवर सहकारी शेती केली. विहिरी खोदल्या, संडास बांधले, खिडक्यांना जाळ्या लावल्या. प्रशिक्षित परिचारिका-सुईणी घरोघर जाऊन गरोदर बायकांना तपासू लागल्या. बाळंतिणीचे आरोग्य तिच्या चुलीपासून आणि पाण्यापासून सुरू होते, हे त्या लोकांनी करून दाखवले. ते केंद्र आजही चालू आहे.

त्याच काळात तिकडे ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथरने १९६९ पासून मुलांना सकाळची मोफत न्याहारी दिली आणि नंतर शहराशहरांत मोफत दवाखाने काढले. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरने त्यांचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला. न्याहारी आणि दवाखाने मात्र आपण फारसे घेतले नाहीत. हे बोचणारे आहे, पण आपण आपल्याशी तरी खरे बोलले पाहिजे.

आजची पिढी तेच काम पुढे नेत आहे. फ्लोरिडातील जेनी जोसेफ या सुईणीने १९९८ मध्ये 'कॉमनसेन्स चाइल्डबर्थ' ही संस्था काढली. पैसे नाहीत, विमा नाही, दिवस भरत आले आहेत, अशा कोणत्याही कारणाने गरोदर बाईला परत पाठवायचे नाही, हा तिथला नियम आहे. राजधानी वॉशिंग्टनमधील 'ममातोतो व्हिलेज' ही संस्था वस्तीतल्याच बायकांना शिकवून गरोदर बाईच्या सोबतीला देते. अशा सोबतिणीला तिकडे 'डूला' म्हणतात. ती उपचार करत नाही. ती बाईजवळ बसते, डॉक्टर काय म्हणाला ते समजावते, आणि कोणी ऐकत नसेल तर आवाज चढवते. सेरेनाला जे एकटीने करावे लागले, ते करायला शेजारी माणूस असतो. बरीच वर्षे या सोबतीचा खर्च संस्था वर्गणीतून करत. लोकांनी पाठपुरावा केल्यावर आता अनेक राज्ये गरिबांच्या 'मेडिकेड' या सरकारी विम्यातून तो देतात.

आता कायद्याकडे येऊ. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे कायरा जॉन्सन हिचे सिझेरियन झाले. पोटात रक्तस्राव होत होता. नवरा चार्ल्स तासन् तास विनवण्या करत राहिला, आणि कायरा गेली. चार्ल्स जॉन्सन यांनी संघटना उभारली आणि २०१८ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी डिसेंबरात मातामृत्यू रोखण्याचा केंद्रीय कायदा झाला. राज्याराज्यांत प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करणाऱ्या समित्यांना त्यामुळे पैसा मिळू लागला. या समित्यांच्या नोंदींतूनच दोन गोष्टी उजेडात आल्या. एक, पाचांपैकी चार मृत्यू टाळता आले असते. दोन, निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर सातव्या दिवसापासून वर्षापर्यंत होतात. मेडिकेडचे गरोदरपणाचे संरक्षण मात्र साठाव्या दिवशी संपत होते! हा पुरावा हातात घेऊन स्त्रिया लढल्या. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते संरक्षण बारा महिन्यांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली आणि बहुतेक सर्व राज्यांनी ते नेले.

अर्थात मिळालेले टिकतेच असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जॉर्जिया राज्याने आपल्या चौकशी समितीच्या सर्व सदस्यांना एकाच वेळी काढून टाकले. का? तर दोन कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यू टाळता आले असते, हा समितीचा निष्कर्ष वर्तमानपत्रांपर्यंत पोचला. गोपनीयता भंगल्याचे कारण देण्यात आले. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या खर्चालाच मोठी कात्री लावली. मोजणारा माणूस सत्तेला नेहमीच नकोसा असतो!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स' ही संघटना २०१८ पासून दरवर्षी ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळते. तारखा पुन्हा वाचा. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची! फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि अडलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीमाईंनी केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू मांडली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांनी बजावले. म्हणजे हा विषय आपल्या घरातलाच आहे.

आपल्या देशातील मातामृत्यूचा सरकारी आकडा राज्यवार छापला जातो, जातवार नाही. जे मोजलेच जात नाही त्याचा जाब कोणत्या न्यायालयात मागायचा? मातामृत्यूचे परीक्षण करण्याची पद्धत आपल्याकडे २०१० पासून आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढील आढाव्याला मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावण्याची तरतूदही आहे. आपल्या किती कुटुंबांना हे ठाऊक आहे? किती कार्यकर्ते अशा कुटुंबासोबत तिथे जाऊन बसले? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. तो वापरून एका तालुक्याची तरी यादी आपण मागितली का?

येत्या एप्रिलमध्ये जयंतीच्या मंडपात डीजेच्या भिंतीशेजारी एक टेबल मांडा. एक वही ठेवा. वस्तीत गेल्या पाच वर्षांत कोणती बाळंतीण गेली, कोणते बाळ गेले, कुठे नेले होते, किती वेळ ताटकळत ठेवले, हे घरोघर विचारून लिहा. आशाताईंना मदतीला घ्या. वस्तीतल्या चार शिकलेल्या मुली गरोदर बाईसोबत दवाखान्यात जातील अशी व्यवस्था करा. लिहिण्यापुरते कायद्याचे काम असेल, तर आमच्यासारखे वकील विनाशुल्क बसतील. कृष्णवर्णीयांनी आधी सोबत दिली, मग मोजले, मग कायदा मागितला. आपण निदान वहीपासून तरी सुरुवात करू.