जानमाजखाली घोंगडी

कोल्हापुरात थंडी पडली की फजरला शहाबादी फरशी पायांना झोंबते. आमच्या दादीअम्मा सजद्यातून उठताना गुडघे धरतात. पण नमाज चुकवत नाहीत. थंड देशांत फरशीखालून गरम पाणी खेळवतात. तिथे गालिचा पातळ हवा, कारण जाड गालिचा ऊब अडवतो. आपली फरशी उलट अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून इथे जाड अंथरूणच बरे. आम्ही सनगरांनी विणलेली दख्खनी लोकरीची घोंगडी जानमाजखाली घातली. लोकरीत अडकलेली हवा गारवा रोखते. फरशी मात्र कोरडी हवी; ओलीवर गालिचा चिकटवला तर खाली बुरशी धरते. घोंगडी अधूनमधून उन्हात टाकावी. आपल्या घरच्या बुजुर्गांना आजच विचारा, पाय गार पडतात का? ते स्वतःहून सांगत नाहीत.