नाइलाजाची पेरणी

इंग्लंडमध्ये अनेक घरांना बागेपुरती जागा नसते. मग स्थानिक संस्थेकडून जमिनीचा एक तुकडा भाड्याने घ्यायचा. याला तिथे 'ॲलॉटमेंट' म्हणतात. मागणी असेल तिथे असे तुकडे देणे १९०८ च्या कायद्याने बंधनकारक केले. जुन्या मापाने पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. हौसेने घेताना तो लहान वाटतो. मार्चमध्ये गुडघाभर तण पाहिले की तोच डोंगराएवढा भासतो! पण टाळाटाळ परवडत नाही. जमीन पडीक राहिली तर नोटीस येते आणि तुकडा दुसऱ्याला जातो.

मग नाइलाजाने हरितगृहाचे दार उघडते. टोमॅटोचे बी आत ट्रेमध्ये पडते. बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात उभे ठेवून त्यांना कोंब आणायचे. वाटाणा थंडी सोसतो, तो थेट वाफ्यात.

एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडते आणि उत्साही शेजारी टोमॅटोची, घेवड्याची रोपे बाहेर लावून मोकळा होतो. इथेच घात होतो. मे महिन्यातही एखाद्या रात्री दहिवर गोठते आणि सकाळी रोपे काळवंडलेली दिसतात. कंटाळा केलेल्याची रोपे मात्र काचेआड सुखरूप!

अर्थात तीही एकदम बाहेर लावता येत नाहीत. आठ-दहा दिवस ट्रे सकाळी बाहेर काढायचे, संध्याकाळी आत न्यायचे. आळशी माळ्याला सर्वांत नकोशी असते ती हीच ने-आण.