दगड उभा आहे, कागद कुठंय?

बीडमध्ये कॉलेजला असाल तर खजाना विहिरीवर एकदा तरी गेलाच असाल. रीलही केलं असेल. कॅप्शन ठरलेलं : दुष्काळातही न आटणारी विहीर! पण ती कुणी बांधली, असं कुणी विचारलं तर? मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. स्थापत्यकार होता राजा भास्कर. भुयारातून पाणी विहिरीत येतं आणि भुयारातूनच पुढे शेतांकडे जातं. मोट नाही, मोटर नाही, सगळा खेळ उताराचा.

आता हे आपल्याला कळलं कुठून? विहीर तर बोलत नाही. कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून कळलं. काजी मुहम्मद कुतबुल्लाह यांनी १८९८ मध्ये या शहराचा इतिहास लिहिला, ‘तारीख-ए-बीड’. पण तो उर्दूत. वर्गात उर्दू शाळेतून आलेला एखादा मित्र असेल तर त्याला सोबत घ्या. बाकीच्यांना आपल्याच गावचा इतिहास समोर असूनही वाचता येत नाही.

अंबाजोगाईत तर लिखाण थेट दगडावर आहे. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. बहीण लक्ष्मी हिने भावाच्या आठवणीत नारायणाचं देऊळ बांधलं, हे शके ११६२, म्हणजे १२४० च्या संस्कृत शिलालेखात कोरलेलं आहे. तो लेख कुणी वाचलाच नसता, तर लक्ष्मी नावाची बाई इथं होऊन गेली हेही कळलं नसतं. याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब कापड आणि त्यावर लिहिलेला ग्रंथ. कापड आहे, म्हणजे कसर लागणार, दमट हवा लागणार. दगडाइतका दम त्यात नाही.

कागदाची गोष्ट अजून नाजूक. आणि ती ‘इतिहासवाल्यांची’ म्हणून सोडून देता येत नाही, हे आपल्या जिल्ह्याला २०२३ मध्ये कळलं. कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं बाहेर निघाली. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, कोतवाल बुकं, निजामकाळातले महसुली कागद. काही मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. कागद हातात आणि वाचणारा माणूस मिळेना! शेवटी मोडीच्या जाणकारांना शोधून आणावं लागलं. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो; एका नोंदीवर घरातल्या पोराचं ॲडमिशन अडू शकतं, हे तेव्हा घराघरात कळलं.

आपल्या दप्तरांची वाटणीही झालीय. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे संस्थानाचे पुष्कळ कागद आजही हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात पंधराव्या शतकापासूनच्या नगर परिषदेच्या वह्या शहरातल्याच ग्रंथालयात सांभाळल्यात, कुणीही जाऊन बघायला मागू शकतो. आपल्याला आपल्या विहिरीचा, वेशीचा कागद बघायचा तर आधी एसटी किंवा रेल्वेचं तिकीट काढायचं.

तरी एक गोष्ट हातातली आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे प्रशिक्षण वर्ग घेतं. मोडी अवघड दिसते, पण भाषा मराठीच. आधी ओळ आखायची, मग हात फारसा न उचलता लिहीत जायचं. अक्षरांची ओळख झाली की सरावाने वाचता येते. (खरी डोकेदुखी लिपीची नाही, लिहिणाऱ्या कारकुनाच्या घाईची.)

तोवर घरची पत्र्याची पेटी उघडा. आजोबांचं खरेदीखत, वाटणीपत्र, देवस्थानाच्या इनामाचा कागद, काहीतरी निघेलच. उजेडात नीट फोटो काढा, कागद कुणाकडून मिळाला ते वहीत लिहा. मेहेरबानी करून लॅमिनेशन तेवढं करू नका. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक जुन्या कागदावरून परत निघत नाही. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलं तरी पुरे.