कर्जमाफीचा अर्ज आणि जमिनीचा लिलाव

नेवासा तालुक्यातल्या बचत गटांत आम्हाला हमखास विचारलं जातं, “कर्जमाफीचा अर्ज भरलाय, आता लिलाव होणार नाही ना?” उत्तर असं, की नुसत्या अर्जानं लिलाव थांबत नाही.

पूर्वी अर्जाला कायद्याचं बळ होतं. 1875 च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर 1879 चा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपल्या नगर जिल्ह्याला लागू झाला. गहाण नसलेली शेतजमीन साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यावर विकता येईना. 1947 च्या कायद्यात शेतकऱ्यानं कोर्टात अर्ज दिला, की वसुलीची चालू प्रकरणं त्याच कोर्टाकडे जात आणि हप्ते ठरत.

आजची कर्जमाफी ही सरकारची योजना आहे. 2017 ला पुणतांब्यापासून संप झाला, मग दीड लाखापर्यंतच्या माफीसाठी ऑनलाइन अर्ज भरले. 2019 ला दोन लाखांपर्यंत पीककर्जाची माफी आली, तेव्हा याद्या लागल्या. पाइपलाइन, ट्रॅक्टरचं कर्ज त्यात नव्हतं. म्हणून आपलं थकीत कर्ज कोणतं, हे सोसायटीतून खातेउतारा घेऊन आधी बघा.

सोसायटीची वसुली अशी चालते. आधी सहकार खात्याकडून कलम 101 चा वसुली दाखला निघतो. मग मागणीची नोटीस, जप्ती आणि लिलावाचा जाहीरनामा येतो. जाहीरनाम्यानंतर किमान 30 दिवस मिळतात. लिलावाआधी सगळी बाकी खर्चासह भरली, तर लिलाव थांबतो. दाखला चुकीचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, पण त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. लिलाव झाला तरी 30 दिवसांत बाकी आणि लिलावाच्या रकमेच्या 5 टक्के जादा भरले, तर तो रद्द होऊ शकतो. लिलावात गैरप्रकार होऊन नुकसान झालं असेल, तर त्याचा अर्जही याच 30 दिवसांत करायचा.

सावकाराचं वेगळं आहे. कर्ज देताना तो जमिनीचं खरेदीखत करून घेतो. तिथं 2014 च्या सावकारी कायद्याच्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. व्यवहार कर्जापोटीच होता असं चौकशीत ठरलं, तर खत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. अर्जाला मुदत असते, उशीर करू नका. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

घरधनी गेला असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या. आलेली नोटीस घ्या, तिच्यावर तारीख लिहा. आपण कुणाला जामीन आहोत का, हेही विचारा.

बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी वकील-मदत फुकट मिळते. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा 15100 ला फोन लावा. आणि एकटीनं जाऊ नका, गटातली एखादी सोबत न्या. नोटीस आल्या दिवशीच निघा, कारण 30 दिवस बघता बघता सरतात.