होमचा लोखंडी खांब

इंग्लंडच्या पूर्व भागात, केंब्रिजशायर परगण्यात, होम फेन नावाचे संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. ‘फेन’ या शब्दासाठी आपण ‘दलदल’ म्हणून मोकळे होतो; पण दलदलीत कुठलाही चिखल खपून जातो. फेन म्हणजे गोड्या पाण्यात बोरू-लव्हाळी शतकानुशतके अर्धवट कुजत जाऊन साचलेली काळी, सच्छिद्र भूमी. या थराला पीट म्हणतात. पाण्यामुळे आत हवा शिरत नाही, म्हणूनच तो टिकतो.

होमलगत व्हिटल्सी मियर हे सखल इंग्लंडातील सर्वांत मोठे सरोवर होते. शेतीसाठी ते १८५१ साली ॲपोल्ड यांच्या नव्या पंपाने उपसण्यात आले. जमीन खचणार, हे जमीनदार विल्यम वेल्स यांनी ओळखले होते. पीटमधून खालच्या चिकणमातीत एक लोखंडी खांब रोवून त्याचा माथा भूपृष्ठाशी समतल ठेवण्यात आला. १८९२ पर्यंत तो सुमारे तीन मीटर उघडा पडला. आज चार मीटर उंच उभा आहे. खांब तसूभरही वर आलेला नाही! पाणी गेल्यावर पीट प्रथम दबले. मग हवा शिरताच सूक्ष्म जीवांनी त्याचे विघटन केले आणि त्याचा कर्बवायू झाला. म्हणजे ती जमीन नुसती खचली नाही, बरीचशी हवेत विरून गेली. हा प्रदेश आता समुद्रसपाटीपासून पावणेतीन मीटर खाली, ब्रिटनमधील सर्वांत सखल आहे.

सरोवर आटवताना १८५० साली तळातून रॅम्झी मठाचे चांदीचे धूपपात्र व नौकेच्या आकाराची धूपदाणी निघाली. दोन्ही चौदाव्या शतकातली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. धूपदाणीच्या टोकांना मेंढ्यांची मुखे कोरलेली आहेत. ‘रॅम’ म्हणजे मेंढा; मठवासीयांनी गावाच्या नावावर चांदीत साधलेला हा श्लेष! चांदी टिकली, परंतु पीटमध्ये हजारो वर्षे शाबूत राहिलेले ओकचे ओंडके नांगराने उघडे पडले की तडकतात, भुगा होतात.

होमचे आजचे प्रसिद्ध बर्चचे रान देखणे खरे, पण तेही जमीन कोरडी पडल्यावरच माजले. होम आणि वुडवॉल्टन या दोन राखीव फेनांना जोडून मधल्या शेतजमिनीत पुन्हा पाणी मुरवण्याची ‘ग्रेट फेन’ योजना २००१ पासून चालू आहे. त्यामुळे उरलेले पीट वाचेल. नवे पीट साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर साचते. चार मीटरना चार हजार वर्षे लागतील.