कलंडण्याचं गणित

वाशीमच्या बाजार समितीकडे निघालेली सोयाबीनची ट्रॉली पाहा. पोत्यांची थप्पी जितकी उंच, तितकी ती वळणावर डुलते. जहाजाचं थोडं वेगळं. ते कललं की पाण्याखालचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर रेटणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेष जहाजाच्या मध्यरेषेला छेदते, तो बिंदू मेटासेंटर. जहाजाच्या वजनाचा केंद्रबिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, त्याच्याखाली असेल तर जहाज सावरतं.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात कलंडली. लाट आदळली, घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला गेले. सहाशेहून अधिक जीव गेले. ट्रॉलीतली पोती निदान जागची हलत नाहीत!

जहाजाचा गुरुत्वमध्य शोधायची रीत मात्र गवंड्याला पटेल अशी. संथ पाण्यात डेकवर ठरावीक वजन आडवं सरकवायचं आणि आत टांगलेला ओळंबा किती सरकला ते मोजायचं. ओळंब्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवतात, म्हणजे झोके लवकर थांबतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बहुतेक जहाजांचा गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या किमान १५ सेंटिमीटर खाली हवा. वीतभरही नाही!