चाळिशी आणि येवल्याचा माग

नाशिक जिल्ह्यातील येवल्यात पैठणी विणणाऱ्याचे सारे कौशल्य हातभर अंतरावर एकवटलेले असते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटते आणि नेमके तेच अंतर धूसर होऊ लागते. मराठीने त्या वयाला आणि त्यावरच्या चष्म्यालाही 'चाळिशी' हे एकच नाव दिले आहे. तरीही आपण दिवा वाढवतो, काम लांब धरतो, तपासणी मात्र टाळतो. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोड, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली होती.

मात्र बाजारातून तयार चष्मा आणून थांबू नका. काचबिंदू बहुधा वेदनेवाचून कडेची नजर हिरावतो आणि गेलेली नजर परत येत नाही. तो डोळ्याचा दाब व दृष्टिपटलामागची नस पाहिल्यावरच ध्यानी येतो. घरात मधुमेही असेल तर दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी व्हावी. लहान मुलांचे निराळेच: एक डोळा मंद असला तरी दुसऱ्यावर त्यांचे भागते, म्हणून ती तक्रार करीत नाहीत. शाळेत घालण्यापूर्वीच दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि उन्हात डोळे दिपतात. त्या दिवशी दुचाकी घरीच ठेवा व सोबत कुणाला तरी न्या.